अर्जुनाच्या झाडाखाली पेटवलेला जाळ

लडाखला जायचं माझं दहा वर्षं नुसतं ठरत होतं. मी रिसोडच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. फळ्यावर हिमालयाच्या रांगा काढल्या की एखादं पोरगं हमखास विचारायचं, "सर, तुमी गेलते का तिकडं?" मी म्हणायचो, पुढच्या उन्हाळ्यात. त्यासाठी दणकट मोटारसायकल घेतली, कोपरांवर पॅड असलेलं जाकीट घेतलं, दोन माणसांचा तंबू मागवला. तंबू एकदाच गच्चीवर उभारून पाहिला आणि पुन्हा गुंडाळून ठेवला. उन्हाळे येत गेले आणि जात गेले.

शेवटी मुलगीच म्हणाली, "बाबा, लडाख राहू द्या. आपल्याच जिल्ह्यात डोंगर हायेत, तलाव हायेत. तीन रात्री फिरून येऊ. मी येते मागं बसून."

ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती, वाशिमला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. माझं एकुलतं एक लेकरू. तिची आई तयार नव्हती. "पोरीले घेऊन रानात झोपनार? अन काही झालं म्हंजे?" मी हेल्मेट पुसत होतो. म्हणालो, "मी हावो ना सोबत." तिची आई डब्यात चिवडा भरायला लागली.

डिसेंबरच्या सुट्टीत निघालो. पहिले दोन दिवस इतके चांगले गेले की ते लिहितानाही मला संकोच वाटतो. त्यांच्यावर आता माझा हक्क नाही असं काहीतरी. मालेगावला चहा घेतला आणि मेडशीच्या बाजूला डोंगरात शिरलो. दोन्हीकडे तूर पिवळी होत आली होती, हरभऱ्याला घाटे धरत होते. मुलगी मागून माझ्या हेल्मेटवर बोटांनी ताल धरून गाणी म्हणायची. एका लहानशा तलावाच्या काठी तंबू ठोकला, भात करपवला आणि तोच करपलेला भात हसत हसत खाल्ला. दुसऱ्या दिवशी कारंज्याकडे अडाण धरणाच्या पाण्याशी मुक्काम केला. सकाळी ती पाण्यात पाय सोडून बसली होती. म्हणाली, "बाबा, तुमी घरी असे नसता. घरी लय सर असता." मला ते आवडलं. आपण चांगले बाप आहोत, असं मला त्या सकाळी अगदी मनापासून वाटलं.

तिसऱ्या दिवशी मानोऱ्याच्या बाजूला डोंगरात गेलो. डांबरी रस्ता सोडून एक बैलगाडीची वाट खाली उतरत होती. वाटेच्या शेवटी डोंगरांच्या मधोमध एक तलाव होता. सरकारी बांध घातलेला, लहानच, पण तीन बाजूंनी टेकड्या आणि पाण्यात त्यांची उलटी सावली. काठाला अर्जुनाचं एक जुनं झाड, पांढऱ्या बुंध्याचं, दोन माणसांच्या कवेत न मावणारं. मी गाडी जरा वर वाटेवर उभी केली आणि त्या झाडाखाली तंबू लावायला घेतला. फोटोत मागे तलाव येईल अशी जागा निवडली होती. ते मला आठवतं, कारण खुंट्या मी दोनदा उपटून पुन्हा ठोकल्या.

ऊन कलायला लागलं होतं. टेकडीवरून पंधरा-वीस बकऱ्या उतरल्या, त्यांच्यामागे एक बाई. जवळच्या तांड्यावरची. पन्नाशीची असावी. हातात काठी, खांद्यावर काळी घोंगडी. ती आमच्यापाशी थांबली, एकदा तंबूकडे पाहिलं आणि काठीनं वर दाखवलं.

"भाऊ, इथं राहू नोको. वर पाय. आग्या हाय."

वर एका आडव्या फांदीला आग्या माश्यांचं पोळं लटकत होतं. चांगलं सुपाएवढं, काळसर, जिवंत. मी ते आधी पाहिलं नव्हतं.

"काही करत नाहीत त्या," मी म्हणालो. "आपण छेडलं नाही तर."

"छेडाचं कशाले? धुपट गेलं तरी उठते. जाळ त बिलकुल करू नोको. मागच्या साली एक बैल मेला इथं." मग मुलीकडे वळून म्हणाली, "माय, तू सांग तुह्या बापाले. तिकडं बांधावर लाव म्हणा तंबू."

मुलगी लगेच म्हणाली, "बाबा, हलवू ना तिकडं."

मी हलवला नाही. तेव्हा मला वाटलं, अंधार पडायला आला, पुन्हा कशाला खटाटोप. आज खरं कारण सांगतो. बकऱ्या चारणारी एक बाई मला माझ्या मुलीसमोर अरेतुरे करून शहाणपण शिकवत होती, हे मला लागलं होतं. मी म्हणालो, "हो हो, जाळ नाही करत. सकाळी निघतोच आहे आम्ही." ती बकऱ्यांना हाकारा घालून गेली. रात्री आम्ही चिवडा आणि पाव खाल्ले, गॅसच्या लहान शेगडीवर एकदा चहा केला आणि झोपलो.

सकाळी पाण्यावर धुकं होतं. हात काकडले होते. जाकीट घालून बाहेर आलो, शेगडी पेटवायला गेलो तर तिच्यातला गॅस संपलेला. चहा तर हवा होता. काठाच्या काड्या गोळा केल्या, दोन दगड मांडले. काड्या दवानं ओल्या होत्या. मी वर पाहिलं, हेही सांगायला पाहिजे. पोळं शांत होतं, थंडीनं गोठल्यासारखं. तंबूतून मुलीचा झोपाळू आवाज आला.

"बाबा, त्या काकू नाही म्हणाल्या होत्या ना?"

"दोन मिनिटं," मी म्हणालो. "चहा झाला की विझवतो."

ओल्या काड्यांचा पांढरा धूर सरळ वर गेला. वारा नव्हता. पाणी अजून उकळलं नव्हतं, तेव्हा दूर कुठं मळणीयंत्र सुरू व्हावं तसा आवाज आला. मी रस्त्याकडे पाहिलं, एवढ्या सकाळी मळणी कोण करतंय म्हणून. पहिली माशी कानाच्या पाळीला चावली. मग मानेला, मग हातावर एकदम तीन-चार.

मी पळालो. गाडी पन्नास पावलांवर होती, किल्ली तिच्यातच होती, हेल्मेट आरशाला अडकवलेलं. मी हेल्मेट घातलं, काच खाली ओढली, बटण दाबलं आणि गाडी वर काढली. पुढे बरेच दिवस मला वाटत राहिलं की मी मुलीला हाक मारली होती. अगदी खात्रीनं वाटायचं, शब्दही आठवायचे. पण मी हाक मारली नव्हती. हेल्मेटच्या आत माझा स्वतःचा श्वास तेवढा मला ऐकू येत होता.

आणि मी आरशात पाहिलं होतं. मुलगी तंबूच्या बाहेर आली होती, दोन्ही हात डोक्यावर धरून स्वतःभोवती फिरत होती. टेकडीवरून ती बाई खाली धावत येत होती, घोंगडी दोन्ही हातांनी वर धरून. मला दोघी दिसल्या. मनात आलं, ती पोचतेय. आणि मी गाडी पुढे नेली.

डांबरी रस्त्यावर जाऊन थांबलो. चार-पाच माश्या मागं आल्या होत्या, त्या जाकिटावर आपटत होत्या. मी मोबाइल काढला, रेंज नव्हती. मदत आणायला आलोय, असं मी स्वतःलाच मोठ्यानं सांगितलं. किती वेळ तिथं उभा होतो सांगता येत नाही. मानोऱ्याकडून एक दूधवाला मोटारसायकलवर आला. माझा सुजलेला कान पाहून थांबला.

"काय झालं, भाऊ?"

"आग्या उठला. खाली माझी मुलगी आहे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "खाली हाय? मंग तुमी इथं कायले उभे?"

त्यानं उत्तराची वाटही पाहिली नाही. दुधाच्या कॅन तिथंच उतरवल्या, गळ्यातला मफलर तोंडाला गुंडाळला, कॅनवरचं ओलं पोतं अंगावर घेतलं आणि खाली गेला. मी त्याच्या मागून गेलो. हे मुद्दाम लिहितो, मागून.

माश्या तोवर बऱ्याच पांगल्या होत्या. तंबूच्या दाराशी ती बाई तंबूकडे पाठ करून जमिनीवर बसली होती. डोक्यावर घोंगडी, पण हात उघडे. दोन्ही हात मागं करून तिनं तंबूच्या दाराच्या दोन कडा मुठीत घट्ट धरल्या होत्या. तिनं मुलीला आत ढकललं होतं, पण गडबडीत दाराच्या चेनमध्ये मुलीची शाल अडकली आणि चेन लागेना. म्हणून ती बाहेर बसून कापड हातांनी बंद करून राहिली. हात सोडून स्वतः आत शिरली असती तर माश्याही आत शिरल्या असत्या. तिचे हात कोपरापर्यंत माश्यांच्या काट्यांनी भरले होते. दूधवाल्यानं मूठ सोडवायला घेतली तर ती सोडेना. "पोरगी आत हाय," एवढंच पुटपुटत होती.

मुलीला अकरा-बारा ठिकाणी चावल्या होत्या. बाईला मोजण्यापलीकडे.

तांड्यावरच्या लोकांनी जीप आणली. मानोऱ्याच्या सरकारी दवाखान्यात दोघींना शेजारशेजारच्या खाटांवर ठेवलं, सुया दिल्या, सलाइन लावली. बाईचा चेहरा इतका सुजला होता की डोळे दिसत नव्हते. तिला बोलता येत नव्हतं. तिचा नवरा भिंतीला टेकून उभा होता. बारीक, उंच माणूस, डोक्याला टॉवेल.

दुपारी जंगलखात्याचा गार्ड आला. तलावाची ती बाजू त्याच्या हद्दीत होती. त्यानं डायरी उघडली.

"मोहोळ उठलं कसं? धूर कोनं केला?"

त्या क्षणी मला सगळं एकदम सुचलं. परवानगी न घेता जंगलात मुक्काम, जाळ, सरकारी पगार घेणारा मास्तर, शाळेत जाणारी चौकशी. भीतीत माणसाचं डोकं किती स्वच्छ चालतं ते मला त्या दिवशी कळलं. मी म्हणालो, "आम्ही झोपेत होतो. त्या बाई मध काढायला धूर करत असाव्यात."

असाव्यात. खोटं बोलतानाही मी व्याकरणात पळवाट ठेवली. गार्डानं ती ठेवली नाही. त्यानं लिहिलं, मध काढण्यासाठी धूर केला. मला वाचून दाखवलं, मी सही केली. मान वर केली तेव्हा मुलगी माझ्याकडे पाहत होती. तिचा एक डोळा सुजून बंद होता, दुसरा उघडा होता. भिंतीशी उभा असलेला नवरा म्हणाला, "साहेब, ते मधाच्या भानगडीत नाई पडत. बकऱ्या चारते." गार्ड त्याला म्हणाला, "तू उद्या हापिसात ये."

संध्याकाळी माझी बायको आणि मेहुणा गाडी घेऊन आले. बाईला वाशिमला हलवायचं चाललं होतं. आम्ही घरी आलो.

घरी मी सांगितलं की मी मदत आणायला धावलो. रिसोडमध्ये ती गोष्ट माझ्या आधी पोचली होती. शाळेत शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे कान पाहायला आले. "सर, पोरीले वाचवून आनलं तुमी, लय हिंमत केली." मी म्हणायचो, "अरे, देवाची कृपा." कोणाचं बोलणं मी खोडलं नाही. दोनेक वेळा तर मीच थोडी भर घातली.

मुलगी बरी झाली. माझ्याशी बोलायची, जेवण वाढायची. फक्त रोज रात्री ताटावर एकच विचारायची, "बाबा, त्या काकूले भेटाले कधी जाऊ?" मी म्हणायचो, रविवारी. दोन रविवार गेले. तिसऱ्या आठवड्यात ती वाशिमला कॉलेजला जाते म्हणून निघाली आणि एसटी बदलत मानोऱ्याला गेली. परत आली तेव्हा तिची आई देवळात गेली होती. मी वह्या तपासत होतो. ती समोर येऊन उभी राहिली.

"काकू घरी आल्या," ती म्हणाली. "चालता येते, पण लय थकतात. त्यांच्या नवऱ्याले तीनदा बोलावलं हापिसात. दिवस दिवस बसवून ठेवतात. तांड्यावरचे लोक म्हणतात, मधाच्या लालचीनं बायकोचा जीव घालवत होता. मी गार्डाले सांगून आली की जाळ माह्या बाबानं केला."

माझा पेन थांबला. "मग?"

"तो म्हणे, ज्यानं सही केली त्यानंच येऊन सांगाव."

तिनं मला जा म्हटलं नाही. आत गेली. तिला काय वाटतंय हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. खरं तर ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी एकटाच गेलो. गार्डाच्या ऑफिसात नवा जबाब लिहून दिला. मी स्वतःच्या हातानं लिहिला, वाक्यात कुठं असावा-नसावा ठेवलं नाही. गार्डानं वाचला. "गुरुजी, हे तेव्हाच सांगतलं असतं तं," एवढं म्हणाला आणि कागद फाइलला लावला. पुढे माझ्यावर जी कारवाई व्हायची ती झाली, शाळेला पत्र गेलं, मुख्याध्यापकांसमोर उभं राहावं लागलं. ते सगळं मला जड गेलं नाही. जड गेलं ते त्याच दुपारी.

ऑफिसातून मी तांड्यावर गेलो. ती बाई दाराशी उन्हात बसली होती. चेहऱ्याची सूज उतरली होती, पण हातांवर काळे डाग राहिले होते. तिनं मला ओळखलं. मी गाडीवरून उतरलो आणि उभ्या उभ्याच बोलायला लागलो. चूक झाली, भीती वाटली, आता जबाब बदलला. तिनं मध्येच हात वर केला.

"तुही पोरगी येऊन गेली. तिनं सांगतलं मले सारं. गार्डाले सांगतलं तं बरं केलं. आता इथं सांग."

"इथं?"

"इथं माह्या माणसाले लोक बोलून राह्यले. तेह्यले गार्डाचा कागद वाचता येते का? तू सांग तुह्या तोंडानं."

तिनं नवऱ्याला पाठवलं. कडुनिंबाखाली दहा-बारा माणसं जमली, काही बायका. मी तीस वर्षं वर्गासमोर उभा राहून बोलतोय, पण तिथं मला हात कुठं ठेवावे ते कळेना. मी सांगितलं की जाळ मी केला. बाईनं आदल्या दिवशी बजावलं होतं, तरी केला. दवाखान्यात मी खोटं बोललो. माणसं ऐकत राहिली. मला वाटलं, झालं.

एक म्हातारा उकिडवा बसला होता. त्यानं विचारलं, "मंग पोरीले ह्या बाईनं वाचवलं. तू कुठं व्हता?"

मी बाईकडे पाहिलं. तिला ठाऊक होतं. तिनं टेकडीवरून माझी गाडी जाताना पाहिली होती. तिनं मान खाली घातली आणि हातावरचे डाग चोळायला लागली. ती माझ्या वतीनं काही बोलणार नव्हती, आणि माझ्याविरुद्धही नाही.

"मी पळालो," मी म्हणालो. "पोरीले तिथं सोडून पळालो."

हे मी कोणासमोर पहिल्यांदाच बोललो होतो. बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. कोणी हसलं नाही, कोणी शिवी दिली नाही. एका बाईच्या तोंडून "अगं माय" निघालं. म्हातारा उठला आणि निघून गेला. मग बाकीचेही एकेक करून उठले. बाईच्या नवऱ्यानं आतून चहा आणला, कपबशी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "घ्या." मी उभ्यानंच प्यालो. इतका कडू घोट मी कधी गिळला नाही, आणि त्यात साखर भरपूर होती.

निघताना मी बाईला विचारलं, बकऱ्या कुठं दिसत नाहीत. तिनं सांगितलं, निम्म्या विकल्या. चढ चढताना दम लागतो आता. बाकीच्या जावेकडे चारायला दिल्या. हे तिनं तक्रार म्हणून सांगितलं नाही. विचारलं म्हणून सांगितलं.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, मग हळूहळू बोलायला लागली. शाळेतली हिंमतीची गोष्ट मात्र आपोआप बंद झाली. पत्र आल्यावर सगळ्यांना कळलंच होतं. स्टाफरूममध्ये मी आलो की विषय बदलायचे. मुलांनी लडाखचं विचारणं सोडलं, की मीच हिमालय घाईघाईनं शिकवायला लागलो, कोण जाणे.

मुलीशी मी एकदाच नीट बोललो. ती भांडी घासत होती, मी दाराशी उभा होतो. म्हणालो, "तुला माझा राग आला असेल."

तिनं नळ बंद केला. "राग नाही येत, बाबा. मी लय प्रयत्न केला राग आणाचा. नाही येत." घासलेलं ताट उपडं ठेवून म्हणाली, "फक्त तुमच्या मागं बसाची भीती वाटते." आणि नळ पुन्हा सुरू केला.

आता ती अमरावतीला शिकते. वर्षातून दोनदा-तीनदा मानोऱ्याला उतरून तांड्यावर जाते, काकूंकडे राहते, तिथून घरी येते. काकूंनी दिलेलं काहीतरी पिशवीत असतं, कधी तुरीच्या शेंगा, कधी बोरं. माझ्याबद्दल काकू काय म्हणतात ते मी विचारत नाही, आणि ती सांगत नाही. ती येणार असली की मी रिसोडच्या स्टँडवर आधीच जाऊन थांबतो. ती एसटीतून उतरते, हसते, माझी चौकशी करते. मी बॅग मोटारसायकलच्या मागच्या सीटवर ठेवून दोरीनं बांधतो. मग ती ऑटोत बसते, आणि मी बॅग घेऊन ऑटोच्या मागं मागं घरी येतो.